बापाकडच्या सवाष्णी

दवाखान्याच्या दारात चपला सांभाळत बसलेले बाप तुम्ही पाहिले असतील. लेकीला आईबरोबर आत पाठवायचं आणि आपण बाकावर बसून कॅलेंडरातल्या मुरुगनकडे टक लावून बघायचं. बायकांच्या गोष्टी बायकांनी बघाव्यात, आपण तोंड घालू नये, अशी यांची समजूत! आमच्या कुंभकोणम्‌चे हरिकृष्णराव त्यातलेच एक. माणूस वाईट नव्हे हो. देवळाच्या रस्त्यावर त्यांचं रेशमी साड्यांचं दुकान. गिऱ्हाईक पदरावर भाळलं की हे स्वतःच साडी उलटी करून समोर धरायचे. "पदर सगळेच बघतात, अम्मा. उलटी बाजू बघून घ्या. खोट असली तर तिथंच दिसते." इतका सचोटीचा माणूस! पण स्वतःच्या घराची उलटी बाजू बघायची वेळ आली तेव्हा या गृहस्थांनी काय केलं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

त्या दिवशी ते असेच बाकावर बसले होते. आत त्यांची बायको गोमती आणि लेक श्रीविद्या. विद्या सत्तावीस वर्षांची, चेन्नईला नोकरीला. संक्रांतीनंतरच्या तै महिन्यात तिचं लग्न ठरलेलं. नवरामुलगा प्रवीणकुमार, तंजावरच्या आपल्याच मराठी लोकांतला. सगळं कसं छान चाललेलं, आणि दिवाळीला घरी आलेल्या विद्येच्या हाताला छातीत एक गाठ लागली. आईला सांगितलं, आणि मग तपासण्या, सुया, आठवडाभराची वाट बघणं. गोमतीनं कुंभेश्वरापासून नागेश्वरापर्यंत एक देव सोडला नाही.

दार उघडून गोमती बाहेर आली ती डोळे पुसतच, पण हसत.

"साधी गाठ आहे, म्हणाल्या डॉक्टर! कॅन्सर नाही. काढायचीसुद्धा गरज नाही."

हरिकृष्णरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लेकीच्या पाठीवरून हात फिरवला, तिच्या चपला स्वतः वाकून तिच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, "चल कण्णू, आधी कॉफी."

कॉफीच्या दुकानात टंबलरमधली कॉफी वाटीसारख्या डवऱ्यात ओतता ओतता गोमती म्हणाली, "फार चांगल्या आहेत हो त्या डॉक्टर सौम्या. सगळं नीट विचारतात. घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर होता का, म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्या माहेरी नाही. पापनाशम्‌च्या माझ्या दोन मावश्या ऐंशीच्या घरात आहेत नि अजून चकलीपेक्षा कडक मुरुक्कू कडाकडा चावतात. मग म्हणाल्या, मुलीच्या वडिलांकडे? म्हटलं, छे! त्यांच्या घरी तसलं काही नाही. बरोबर ना हो?"

हरिकृष्णरावांनी कॉफीचा घोट घेतला. फार गरम होता.

"हं," ते म्हणाले.

त्या एका 'हं'मध्ये काय काय दडलं होतं, ते त्यांनाच ठाऊक. त्यांना आठवली होती त्यांची थोरली बहीण, सुब्बलक्ष्मी. सुब्बक्का. आई कायम घरकामात, म्हणून तिनंच त्यांना न्हाऊमाखू घातलं होतं, शाळेत पोहोचवलं होतं. अडतिसाव्या वर्षी ती गेली. कशानं गेली ते हरिकृष्णरावांना माहीत होतं. गोमतीला माहीत नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा अक्काला जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि तिला 'तापानं गेली' असंच सांगण्यात आलं होतं.

पण त्याचा इथं काय संबंध? त्यांनी मनाला समजावलं. अक्का तिरुविसनल्लूरच्या घरात दिलेली. लग्नात गोत्र बदललं, घर बदललं, ती त्यांची झाली. आणि असला आजार आला तर आईकडून लेकीला येतो. बापाचं त्यात काय? शिवाय गाठ साधीच निघाली आहे! लग्न तोंडावर असताना नसतं खुसपट कशाला काढा?

आणि दुसऱ्याच्या साडीची उलटी बाजू बघणारा हा माणूस आपल्या घराची घडी तशीच मिटून मोकळा झाला.

आता आमच्या घरांतून लग्नाआधी एक विधी असतो. घराण्यातल्या ज्या बायका कुंकवासकट गेल्या, म्हणजे नवऱ्याच्या आधी गेल्या, त्यांना लग्नाआधी बोलावणं करायचं. सवाष्णींचं जेवण. सोवळ्यानं वाळवलेली नऊवारी साडी चुण्या घालून पाटावर ठेवायची, तिच्यावर कदंबाची वेणी, बांगड्या, हळदकुंकू. मग त्या गेलेल्या बायकांची एकेकीची नावं घ्यायची, फुलं वाहायची आणि जिवंत सवाष्णींना जेवू घालायचं. म्हणजे त्या वरून लेकीला आशीर्वाद देतात. हरिकृष्णरावांच्या घरात तर वारलेल्या सुनांबरोबर वारलेल्या लेकींनाही बोलवायची रीत. लेक काय परकी असते का!

कार्तिकातल्या एका शुक्रवारी तो विधी ठरला. सकाळपासून घरात तुपाचा आणि वेलदोड्याचा वास. पाटाशी गोमती बसली, शेजारी नवरीमुलगी विद्या. पण नावं सांगायची कुणी? ती ठाऊक होती फक्त अंबुजाकाकूंना. हरिकृष्णरावांच्या या चुलती, ऐंशीच्या पुढच्या. काका जाऊन वीस वर्षं झाली, म्हणून काकू पाटाजवळ यायच्या नाहीत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसायच्या आणि तिथूनच सांगायच्या. मेलेल्यांना पाट, आणि जिवंत बाईला उंबरा! पण ते राहू दे, ते पुढं येईलच.

"घे गे फूल," काकू म्हणाल्या. "तुळसाबाई. तुझ्या पणजोबांची बायको. एक मूल मांडीवर, एक पाळण्यात, नि भरल्या कपाळानं गेली. मग जानकी, तिची लेक, तुझ्या आजोबांची बहीण. नागपट्टणला दिलेली. चाळिशी काही तिनं बघितली नाही. मग आपली सुब्बू." काकूंचा आवाज जरा ओला झाला. "कशी लखलखीत पोर! मीच तिची वेणी घालायची. या घराच्या लेकींचं भाग्यच तसं. सगळ्या कुंकू लेऊन गेल्या. माझ्यासारखी करंटी एकही निघाली नाही."

विद्येच्या हातातलं फूल हातातच राहिलं.

पोरगी हिशेबाच्या नोकरीतली. दवाखान्यातून येऊन तिला तीनच आठवडे झाले होते. पणजी, तिची लेक, मग नात. सगळ्या अप्पांकडच्या, सगळ्या पन्नाशीच्या आत.

"काकूआजी, या सगळ्या कशानं गेल्या?"

जेवायला आलेल्या सवाष्णी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"शिव शिव! आज काय विचारतेस हे?" काकू म्हणाल्या. "मंगल कार्यात आजाराचं नाव काढत नाहीत, बाळ. झाकली मूठ सव्वा लाखाची. फूल वाहा."

विद्येनं फूल वाहिलं. पण हात जोडताना तिची नजर दाराकडे गेली. ओसरीवर तिचे अप्पा बसले होते. तिच्याकडे बघायचं टाळून ते पानाचा डबा आवरत होते. त्यांच्या शेजारी गोपाळकृष्णराव, सुब्बक्काचे यजमान, विद्येचे आतोबा. सत्तरीचे झाले होते. मूलबाळ नाही, दुसरं लग्न केलं नाही, तिरुविसनल्लूरला एकटेच राहत. बायकोच्या नावचं बोलावणं असलं की कदंबाची वेणी स्वतः घेऊन यायचे आणि ओसरीवर बसून राहायचे.

जेवणं आटोपली, पाहुण्या बायका विडे घेऊन गेल्या, तशी विद्या ओसरीवर आली आणि सरळ त्यांच्या पायाशी बसली.

"आतोबा, आत्या कशानं गेली?"

हरिकृष्णराव घाईघाईनं म्हणाले, "अगं, ताप आला होता तिला. भावजी, विडा घ्या ना."

गोपाळकृष्णरावांनी विडा घेतला नाही. ते आपल्या मेहुण्याकडे बघत राहिले. फार वेळ नाही, पण हरिकृष्णरावांची मान खाली गेली.

"हरी," ते म्हणाले, "तुझ्या बापानं माझ्याकडून वचन घेतलं होतं. 'हरीचं लग्न जमतंय, जावईबापू, त्या आजाराचं नाव बाहेर काढू नका.' मी पाळलं. तुझं लग्न झालं, संसार झाला. पण ही पोर मला तोंडावर विचारते आहे. हिच्याशी मी खोटं बोलणार नाही."

आणि मग त्यांनी सांगितलं. सुब्बक्काच्या छातीत गाठ आली होती. तिला समजली ती नऊवारी नेसताना. सहा-सात महिने ती कुणाशीच बोलली नाही. कारण काय, तर भावाचं लग्न! आपला आजार कळला तर त्याला मुलगी कोण देणार? नवऱ्याला कळलं तेव्हा फोड आला होता. मग चेन्नईच्या वाऱ्या, शस्त्रक्रिया, आणि उशीर झाला, उशीर झाला हे एकच वाक्य प्रत्येक डॉक्टराच्या तोंडी.

"ती गेली त्या दिवशी," गोपाळकृष्णराव म्हणाले, "गावातल्या बायका ओळीनं आल्या. तिच्या कपाळाचं कुंकू बोटानं घेऊन आपापल्या मंगळसूत्राला लावत होत्या. भाग्यवान गं बाई, भाग्यवान! मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. भाग्य कसलं? तर मी जिवंत होतो, हे तिचं भाग्य! अरे, पण ती नव्हती, त्याचं काय? मला कुणी विचारलं? तिला कुणी विचारलं, की बाई, तुला असलं भाग्य हवं होतं का?"

विद्येनं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. दारात गोमती उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तापानं गेल्या म्हणाला होतात," ती नवऱ्याला म्हणाली. आवाज चढला नाही, पण तो चढला असता तर बरं, असं हरिकृष्णरावांना वाटलं. "मी तापच समजले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी छातीला हात लावून सांगितलं, त्यांच्या घरी काही नाही. कॉफीच्या दुकानात तुम्हाला विचारलं. तुम्ही 'हं' म्हणालात!"

"अगं, अक्का दुसऱ्या घरची झाली होती," हरिकृष्णराव कसंबसं म्हणाले. "गोत्र बदललं तिचं. आणि असलं दुखणं आईकडून येतं. बापाकडून कसं येईल?"

"दुसऱ्या घरची?" गोपाळकृष्णराव उसळले. शांत माणूस, पण त्या दिवशी उसळले! "मग आता आत पाटावर फूल कुणाच्या नावानं वाहिलंत? आशीर्वाद द्यायला सुब्बू तुमची, आणि आजार निघाला की आमची? वा रे न्याय! गोत्र भटजीनं मंत्र म्हणून बदललं, हरी. रक्त कुठल्या मंत्रानं बदललंत? आठव, तुझं नाक कुणाचं? तुझ्या बापाचं. सुब्बूचं नाक? तेच. आणि ही तुझी लेक, हिच्याकडे बघ. मला तर ती हसली की सुब्बूच हसल्यासारखी वाटते. नाक बापाकडून येतं, हसू येतं, मग दुखणं तेवढं उंबऱ्यावर अडतं काय?"

हरिकृष्णरावांनी लेकीकडे बघितलं. खरंच, तेच नाक.

"दुकानात सांगतोस ना सगळ्यांना, उलटी बाजू बघा म्हणून?" भावजी हळू आवाजात म्हणाले. "आता आपली बघ. मी माझं माणूस घालवून बसलो आहे रे. तू घालवू नकोस."

आतून अंबुजाकाकूंचा आवाज आला, "अरे, पण लग्न मोडलं म्हणजे?"

तीच भीती हरिकृष्णरावांच्या मनात बसली होती. तुमच्या-माझ्याही बसली असती, खोटं कशाला बोला!

उत्तर दिलं ते विद्येनं. "मोडलं तर मोडलं, काकूआजी. मी प्रवीणला आजच सांगणार आहे. आत्यानं अप्पांच्या लग्नासाठी तोंड मिटलं. माझ्या लग्नासाठी आणखी कुणी मिटायचं नाही."

सोमवारी दवाखान्यात बाकावर कुणी बसलं नाही. हरिकृष्णराव चपला दाराशी काढून सरळ आत गेले. खुर्ची ओढून डॉक्टर सौम्यांसमोर बसले, आणि तीनही बायकांची नावं, नाती, वयं आणि काकूंना खोदून विचारलेलं तिघींचं तेच दुखणं त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. सुब्बक्काचं सांगताना त्यांचा आवाज फुटला. डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढं केला.

"माझी बायको खोटं बोलली नव्हती, डॉक्टर," ते म्हणाले. "मी बोललो होतो. तोंड न उघडता."

"आता उघडलंत, हे फार बरं झालं," डॉक्टर सौम्या म्हणाल्या. वयानं लहान, पण समजावण्यात मोठी हातोटी. "बघा, प्रत्येकाला निम्मा वारसा आईकडून मिळतो आणि निम्मा वडिलांकडून. शरीराची राखण करणारी काही जनुकं असतात. त्यातलं एखादं बिघडलेलं असलं तर कॅन्सरचा धोका पुष्कळ वाढतो. ते बिघडलेलं जनुक पुरुषातही असतं. त्याला स्वतःला बहुतेक वेळा काही होत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. पण त्याच्या प्रत्येक मुलाला, मग मुलगा असो की मुलगी, ते मिळायची शक्यता निम्मी. तुमच्या आजीकडून तुमच्या वडिलांना, त्यांच्याकडून तुमच्या अक्कांना, असं ते आलं असू शकेल. तुम्हाला आलं की नाही, ते रक्त तपासून कळेल."

"मला?" हरिकृष्णराव चकित झाले. "माझी तपासणी?"

"अक्का असत्या तर आधी त्यांची केली असती. आता त्यांच्या सगळ्यात जवळचे तुम्हीच. तुमच्यात सापडलं तर मग श्रीविद्याची करायची. आणि अप्पा, एक लक्षात ठेवा. पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो, क्वचित, पण होतो. तेव्हा ही नुसती बायकांची गोष्ट नव्हे."

हरिकृष्णरावांनी सदऱ्याची बाही वर केली. "घ्या. आत्ताच घ्या."

रक्त दिलं, चेन्नईच्या जनुकतज्ज्ञ बाईंशी फोनवर बोलणंही झालं, आणि मग वाट बघणं आलं. त्या दिवसांत हरिकृष्णराव दुकानात बसायचे, पण मन नसायचं. एका संध्याकाळी विद्या दुकानात आली. तिच्या लग्नाच्या साड्या निवडायच्या होत्या. त्यांनी एक मोरपिशी साडी उलगडली, सवयीनं उलटी केली, आणि तशीच मांडीवर घेऊन बसून राहिले.

"काय झालं, अप्पा?"

"तुला काय काय द्यायचं ठरवलं होतं मी," ते म्हणाले. "आणि हे काय देऊन बसलो! माझ्या रक्तातून, विद्या. माझ्या."

"अजून कळलं कुठं आहे?"

"असलं तर?"

विद्या त्यांच्या शेजारी गादीवर बसली. लहानपणी बसायची तशी, खांद्याला खांदा लावून. "असलं तर असलं. तुम्ही काय ठरवून दिलंत? नाक दिलंत, तुमचा राग दिलात, रेशीम हाताला लागलं की खरं-खोटं ओळखायची बोटं दिलीत. ते सगळं घेताना मी तक्रार केली का? त्यातच हे एक आलं. फरक इतकाच, की याच्यावर नजर ठेवायला लागेल. आत्याला नजर ठेवायला कुणी सांगितलंच नाही. मला तुम्ही सांगितलंत."

"उशिरा सांगितलं गे."

"वेळेवर सांगितलंत, अप्पा. अजून वेळ आहे."

भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, हरिकृष्णराव लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. रडू देत. बापानं लेकीसमोर कधी रडू नये असं कुठल्या शास्त्रात लिहिलं आहे?

त्यांचा अहवाल आला. बिघडलेलं जनुक त्यांच्यात होतं. मग विद्येचा आला. तिच्यातही होतं.

गोमती देवघरात जाऊन बसली. विद्याही त्या दिवशी जेवली नाही, तिचं सगळं धैर्य कुठं गेलं कोण जाणे! ती आईच्या मांडीवर पडून राहिली. दुसऱ्या दिवशी तिघं डॉक्टरांकडे गेली.

"हा निकाल नव्हे, ही सूचना आहे," डॉक्टर सौम्या म्हणाल्या. "तुला आज कॅन्सर नाही. कदाचित कधीच होणार नाही. धोका इतरांपेक्षा खूप जास्त आहे, हे खरं. म्हणून आत्तापासून दर वर्षी एमआरआय, दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासणी. पुढं मुलंबाळं झाल्यावर धोका आणखी कमी करायचे उपायही आहेत, ते तेव्हा बोलू. आजार आलाच तर तो अगदी लहान असताना सापडेल. लहान असताना सापडला की बहुतेक जणी बऱ्या होतात. तुझ्या आत्याला ही संधी मिळाली नव्हती."

राहता राहिले व्याही. प्रवीणला विद्येनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि त्यानं "तपासणीला मी बरोबर येऊ का?" एवढंच विचारलं होतं. पण अहवाल आल्यावर त्याच्या आईला, लक्ष्मीप्रियाबाईंना, फोन केला तो हरिकृष्णरावांनी स्वतः. त्या सगळं ऐकून फक्त "बघते" म्हणाल्या आणि फोन ठेवला. दोन दिवस काही नाही. गोमती पत्रिकांच्या गठ्ठ्याकडे बघायची आणि तोंड फिरवायची. तिसऱ्या दिवशी फोन वाजला.

"दादा, मी रागावले होते," लक्ष्मीप्रियाबाई म्हणाल्या. "तुमच्यावर नाही, नशिबावर. मग मला वाटलं, लग्नानंतर कधीतरी दुसऱ्याच्या तोंडून कळलं असतं, तर मी जन्मभर तुम्हाला माफ केलं नसतं. तुम्ही आधी सांगितलंत. लग्न ठरल्या दिवशीच होईल." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "आणि एक विचारायचं होतं. माझ्या वडिलांची बहीण चाळिशीतच गेली. आमच्याकडेही 'तापानं' गेली म्हणतात. त्या तुमच्या डॉक्टरांचा नंबर देता का?"

अशी घरं किती असतील! म्हणून मंडळी, हात जोडून सांगतो. डॉक्टर विचारतात तेव्हा आईकडचं सांगता तसं बापाकडचंही सांगा. आजी, आत्या, आत्याच्या लेकी, सगळ्यांची नावं घ्या. कशानं गेल्या ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा, ती आहेत तोवर. लेक दिल्या घरी जाते, तिचं रक्त माहेरचंच राहतं. आजार लपवल्यानं अब्रू राहत नाही, माणूस मात्र जातं. आणि बापांनो, बाकावरून उठा. आत या!

आता शेवटचं सांगतो आणि थांबतो.

तै महिन्यात लग्न लागलं. मंडप खचाखच भरलेला, नादस्वरम् टिपेला. नवरानवरी थोरामोठ्यांच्या पाया पडत होती आणि जो तो "दीर्घ सुमंगली भव" म्हणत अक्षता टाकत होता. विद्या इकडे तिकडे बघत होती. अंबुजाकाकू कुठे दिसेनात. मग दिसल्या. मंडपाच्या मागच्या खांबाआड, पदर डोक्यावरून ओढून, अंग चोरून उभ्या.

विद्या प्रवीणला घेऊन तिकडे गेली आणि वाकली. काकू दचकून मागं सरल्या.

"नको गे, नको! शुभ दिवशी माझ्या पाया पडतेस? मी कसला आशीर्वाद देणार? कुंकू नाही कपाळावर माझ्या. सवाष्णींच्या पाया पड, जा."

हरिकृष्णराव मागोमाग आले होते. त्यांनी काकूंचा सुरकुतलेला हात धरला आणि त्यांना खांबाआडून पुढं आणलं, सगळ्यांच्या देखत, उजेडात.

"काकू," ते म्हणाले, "तुळसाआजीला जे मिळालं नाही, जानकीआत्याला मिळालं नाही, माझ्या अक्काला मिळालं नाही, ते या घरात एकट्या तुमच्याकडे आहे. ऐंशी वर्षं! पोरीला तेच द्या."

काकूंना पहिल्यांदा कळेना. मग कळलं. त्यांनी दोन्ही हात नवरीच्या डोक्यावर ठेवले. थोड्या अंतरावर गोपाळकृष्णराव उभे होते, त्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं.

"म्हातारी हो, बाळ," काकू म्हणाल्या. "माझ्यासारखी दात पडलेली, केस पिकलेली, कमरेत वाकलेली म्हातारी हो!"